पाच नावांपुढचा थीटा: व्हिरुनमच्या मिथ्रास मंडळाची यादी

ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात, क्लागेनफुर्टच्या उत्तरेला, झोलफेल्ड नावाचं सपाट शिवार आहे. त्याखाली व्हिरुनम हे रोमन शहर गाडलं गेलं आहे. 1992 मध्ये इथे कांस्याची एक पाटी मिळाली. तिच्यावर 98 पुरुषांची नावं आहेत. पहिली 34 एकाच वेळी कोरलेली, उरलेली 64 नंतरच्या वर्षांत, वेगवेगळ्या हातांनी, भर पडत जाईल तशी. पहिल्या 34 पैकी पाच नावांपुढे एक ग्रीक अक्षर खोदलं आहे: थीटा. ‘थानातोस’, म्हणजे मृत्यू, या शब्दाचं ते आद्याक्षर. रोमन पलटणींच्या हजेरीपटातही मेलेल्या शिपायाच्या नावापुढे हेच अक्षर मारत.

मिथ्रास या देवाच्या रोमन भक्तांबद्दल आपल्याला जे कळतं ते बहुतेक दगडांतून आणि मूर्तींतून. त्यांचा स्वतःचा धर्मग्रंथ उरलेला नाही. विरोधकांनी लिहिलेल्या चार ओळी, तत्त्वज्ञांनी आपल्या सोयीने केलेले उल्लेख, आणि जमिनीखालची देवळं, एवढ्यावर सगळी भिस्त. व्हिरुनमची पाटी या सगळ्यांपेक्षा वेगळी, कारण तिच्यात अख्खं मंडळ सापडतं, तेही वर्षावर्षाने वाढत जाणारं. म्हणून या एका प्रकरणावर रेंगाळावंसं वाटतं.

पाटीवरचा मजकूर

यादीच्या वर लॅटिनमध्ये मथळा आहे. त्याचा आशय असा: अजिंक्य देव मिथ्रास याला, सम्राट कोमोडसच्या कल्याणासाठी, ज्यांनी कोसळलेलं देऊळ स्वतःच्या खर्चाने पुन्हा उभारलं आणि जे ‘मोर्टालिटाटिस काउझा’ एकत्र जमले ते हे, मारुल्लुस आणि एलियानुस कॉन्सुल असताना, जुलैच्या कलेंड्सआधीच्या सहाव्या दिवशी. कॉन्सुल म्हणजे दर वर्षी बदलणारे रोमचे दोन प्रमुख अधिकारी; त्यांच्या नावांवरून वर्ष निघतं 184. कलेंड्स म्हणजे महिन्याचा पहिला दिवस; तोही धरून उलटं मोजलं की दिवस येतो 26 जून. देवळाच्या अर्पणविधीनिमित्त ही पाटी एका सदस्याने दिली, आणि देवळाच्या कमानदार छतावर चित्रंही त्यानेच काढून घेतली.

‘मोर्टालिटास’ या शब्दावर सगळं अडतं. त्याचा साधा अर्थ मर्त्यपणा, माणसाला मरण असणं. पण त्या काळच्या लॅटिनमध्ये हाच शब्द मरी, साथ या अर्थानेही वापरत. मग हे लोक जमले ते कशासाठी? साथीत गेलेल्यांसाठी, की मर्त्यतेविषयीच्या एखाद्या विधीसाठी? या प्रश्नाकडे परत येऊ. आधी ही माणसं कोण होती ते पाहायला हवं.

देव ओळखीचा, पंथ परका

मराठी वाचकाला हे नाव परकं वाटायचं कारण नाही. सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र ‘ॐ मित्राय नमः’. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात मित्राचं स्वतंत्र सूक्त आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितान्नी राजांनी केलेल्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची साक्ष काढलेली आहे. इराणात तोच मिथ्र, पुढे मिहर, मेहेर. मुंबईतले पारशी आपल्या अग्निमंदिराला आजही दरेमेहेर म्हणतात.

रोममधल्या सांता प्रिस्का चर्चखालच्या मिथ्रास मंदिरात भिंतीवर लिहिलेल्या ओळी ‘नामा’ या शब्दाने सुरू होतात: नामा सिंहांना, गुरू ग्रहाच्या छायेत, नामा पित्यांना, शनीच्या छायेत. हा ‘नामा’ लॅटिन नाही. तो इराणी भाषेतून आला, आणि आपल्या ‘नमः’चा सख्खा भाऊ आहे. लॅटिन बोलणारे ते लोक अर्थ कितपत जाणत होते कोण जाणे, पण शब्द त्यांनी जपून ठेवला होता. मला हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

मात्र इथे थांबून एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण या साम्यावरून आपल्याकडे फार लवकर उड्या मारल्या जातात. रोमन पंथ म्हणजे वेदातल्या मित्राची उपासना नव्हे, आणि जरथुष्ट्री मिथ्राचीही नव्हे. गुडघ्याखाली बैल दाबून त्याच्या मानेत सुरा खुपसणारा तरुण देव, बाजूला कुत्रा, साप, विंचू, कावळा, वर सूर्य आणि चंद्र, दोन्हीकडे मशालवाले काउटेस आणि काउटोपाटेस, हे चित्र रोमन साम्राज्यातच घडलं. पहिल्या शतकाच्या अखेरीआधी त्याचा मागमूस लागत नाही. नाव पूर्वेचं, काही शब्द पूर्वेचे, घडण रोमन.

देऊळ म्हणजे गुहा, खरी किंवा बांधून केलेली. लांबट, अंधारी खोली; दोन्ही बाजूंना ओटे, त्यांवर टेकून जेवायची सोय; समोरच्या भिंतीवर बैल मारणारा मिथ्रास. एका देवळात साधारण वीस ते चाळीस माणसं मावत. दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या: कावळा, नवरदेव, शिपाई, सिंह, पारसिक, सूर्यदूत आणि सर्वांत वर पिता. ओस्तिया या बंदराच्या गावात एका मिथ्रास मंदिराच्या जमिनीवर या सातही पायऱ्यांची चिन्हं मोझॅइकमध्ये ओळीने मांडलेली आहेत. बायकांना प्रवेश नव्हता.

पलटण नसलेलं शहर

मिथ्रास म्हटलं की पुस्तकांत ‘सैनिकांचा देव’ हे ठरलेलं. ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या काठची ठाणी, ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत, तिथे त्याची देवळं सापडली हे खरंच. पण व्हिरुनम छावणीचं गाव नव्हतं. सम्राट क्लॉडियसच्या काळात उभं राहिलेलं ते नगर नोरिकम प्रांताची राजधानी होतं. नोरिकमचं लोखंड प्रसिद्ध. इटलीतल्या अक्विलेया बंदराशी जोडणाऱ्या रस्त्यावर व्यापार चाले. सम्राटाचा प्रोक्युरेटर, म्हणजे त्याचा कारभारी, इथे बसे. मार्कस ऑरेलियसच्या काळातल्या युद्धांमुळे पुढे दुसरी इटालिका ही पलटण प्रांतात आली, पण तिचं ठाणं उत्तरेला, डॅन्यूबकडे. व्हिरुनमला राहिली ती कचेरी: महसूल, हिशेब, दफ्तर.

म्हणजे 98 जणांची ही यादी गावातल्या माणसांची. ती वाचायची तर रोमन नावांचं व्याकरण माहीत हवं. नागरिकाच्या नावाचे तीन भाग. गुलाम मुक्त झाला की मालकाचे पहिले दोन भाग घेई आणि स्वतःचं जुनं नाव तिसऱ्या जागी ठेवी. त्यामुळे रोमन कुळनाम पुढे आणि ग्रीक नाव शेवटी असलं, की त्या घराण्यात कधी तरी गुलामी होती असा दाट संशय घ्यायला जागा असते. सम्राटांची कुळनामं धारण करणारे म्हणजे त्या त्या सम्राटाच्या काळात नागरिकत्व मिळालेल्यांचे वंशज, किंवा त्याच्या घरातले मुक्त गुलाम. व्हिरुनमच्या यादीत बहुतेक जण तीन भागांच्या नावाचे, म्हणजे नागरिक आहेत. पण ही मातब्बर घराण्यांची यादी नव्हे. एकच कुळनाम पुन्हा पुन्हा येतं तेव्हा समोर दिसतात ते भाऊ, बापलेक, एकाच मालकाने मुक्त केलेले सोबती, किंवा धनी आणि त्याचा जुना नोकर.

माझ्या मते प्रकरणाचा गाभा हाच आहे. माणूस या पंथात पुस्तक वाचून किंवा चौकातलं प्रवचन ऐकून येत नव्हता. त्याला कोणीतरी आणत होतं. भाऊ, धनी, शेजारच्या मेजावरचा कारकून. पन्नास पावलांवरून ओरडून सांगता येणार नाही असा हा धर्म होता, कारण तो गुहेतल्या ओट्यावर शेजारी बसून शिकायचा होता.

दास्यमुक्त माणसासाठी या ओट्याची किंमत वेगळी होती. कायद्याने तो नागरिक झाला तरी नगराच्या अधिकारपदांचं दार त्याला बंद. सम्राटपूजेच्या मंडळात मान मिळे, तोही पैसे खर्च करून. गुहेत मात्र पायऱ्या सातच, आणि त्या जन्मावर ठरत नव्हत्या. बाहेर ज्याच्या नावातूनच लोक त्याची जुनी गुलामी वाचत, त्याला इथे ‘पिता’ म्हणून संबोधलं जाण्याची वाट खुली होती. कायद्याच्या दृष्टीने गुलामाला बापच नसतो, हे लक्षात घेतलं की या पदवीचं वजन कळतं.

तरी हे बंडखोरांचं टोळकं नव्हतं. पाटी सम्राटाच्या कल्याणाने सुरू होते. कोमोडसच्या बिरुदांत ‘ब्रिटानिकस’ हे त्याच वर्षी मिळालेलं नवंकोरं बिरुदही आहे. कचेरीत काम करणाऱ्यांना राजधानीतून आलेली बिरुदं सर्वांत आधी कळत असणार. गुप्तता होती ती विधीपुरती. निष्ठा उघड्यावर, कांस्यात कोरलेली.

साथ

165-166 मध्ये पार्थियाच्या युद्धावरून परतणाऱ्या सहसम्राट लुसियस वेरसच्या फौजेबरोबर एक साथ साम्राज्यात शिरली. गॅलेन या वैद्याने तिची लक्षणं लिहून ठेवली: ताप, घशाचा दाह, अंगभर काळपट पुरळ. देवीचा रोग असावा असं बहुतेकांचं मत. ती एकदा येऊन गेली असं झालं नाही. पुढची पंचवीस वर्षं ती फिरून फिरून येत राहिली. 189 मध्ये रोममध्ये दिवसाला दोन दोन हजार माणसं मरत होती असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो.

नोरिकममध्ये ती होती याचा वेगळा पुरावा आहे. प्रांताच्या पश्चिम टोकाला, आजच्या बव्हेरियात सापडलेल्या एका थडग्याच्या दगडावर एकाच घरातल्या माणसांची नावं आहेत, आणि शेवटी ‘पेर लुएम’, साथीने गेले, असं लिहून 182 च्या कॉन्सुलांची नावं दिली आहेत. व्हिरुनमची बैठक त्यानंतर दोनच वर्षांनी.

34 पैकी पाच म्हणजे सातात एक. एवढं प्रमाण वर्षा-दीड वर्षात, कामकरी वयाच्या पुरुषांत, म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शिवाय हे पाच जण देऊळ उभारायला पैसे देणारे होते. वर्गणी दिली, छत रंगवलेलं पाहिलं, आणि गेले. मंडळाने त्यांची नावं खोडली नाहीत. पुढे थीटा खोदला आणि नाव जागच्या जागी राहू दिलं. देऊळ ज्यांनी बांधलं त्यांत ते होतेच, असं जणू लिहून ठेवलं.

म्हणून ‘मोर्टालिटास’चा पहिला अर्थ मला साथीचाच वाटतो. पण रॉजर बेक या अभ्यासकाने तारखेकडे लक्ष वेधलं, आणि तेव्हापासून दुसरा अर्थही बाजूला सारता येत नाही.

जूनचा शेवटचा आठवडा

रोमन पंचांगात उन्हाळी अयनाचा दिवस परंपरेने 24 जून धरत. सर्वांत मोठा दिवस, सूर्य कर्क राशीच्या दारात. पोर्फिरी हा तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ सांगतो की मिथ्रासची गुहा ही विश्वाची प्रतिमा असते. आणि आत्मे कर्केच्या दाराने खाली जन्माला उतरतात, मकरेच्या दाराने वर परत जातात. जीव मर्त्य होतो तो कर्केच्या दारातून. आता 26 जूनची तारीख आणि ‘मर्त्यतेच्या कारणाने जमले’ हे शब्द शेजारी ठेवून वाचा.

या दोन अर्थांत भांडण लावायची गरज नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं. अयनाच्या सुमारास मंडळ एरवीही जमत असेल. त्या वर्षी पाच जागा रिकाम्या होत्या. ज्या दिवशी आत्म्याच्या येण्याजाण्याविषयी बोलायचं, त्याच दिवशी गेलेल्यांची आठवण काढायची, आणि शब्द असा निवडायचा की दोन्ही त्यात मावेल. शोकसभा आणि सण वेगळे ठेवायची सोय कुठल्याही समाजाला नेहमी असतेच असं नाही.

तारखेला दुजोरा देणारं एक दूरचं उदाहरण बेल्जियममधल्या टीनेनचं. तिथे मिथ्रास मंदिराजवळच्या खड्ड्यांत तिसऱ्या शतकातल्या एका मोठ्या जेवणाचे अवशेष मिळाले: किमान 285 कोंबड्या, बहुतेक कोंबडे, 14 कोकरं, 10 पिल्लं डुकराची. जनावरांच्या वयावरून जेवणाचा काळ काढला तो जूनअखेर ते जुलैची सुरुवात. एवढं अन्न एका गुहेतल्या मंडळाला संपणारं नाही. सगळा गाव जेवला असणार. व्हिरुनमच्या 26 जूनला ताटात काय होतं ते पाटी सांगत नाही. पण कोंबडीची हाडं मिथ्रास मंदिरांत ठिकठिकाणी सापडतात.

भरती

184 नंतर पाटीवर 64 नावं आली, 201 पर्यंत. सरासरी वर्षाला चारच्या आत. साथीनंतर दारावर रांग लागली असं या आकड्यांत दिसत नाही, आणि मंडळ विझलं असंही दिसत नाही. ओट्यांवर जागा मर्यादित, तेव्हा कोणी गेल्याशिवाय नवा येणार कसा? मंडळ तिसाच्या आसपास स्थिर राहिलं असं धरलं, तर एक माणूस सरासरी आठ-नऊ वर्षं तिथे टिकत होता असा हिशेब निघतो. नंतरच्या वर्षांत काही जण मेले असतील, काहींची बदली झाली असेल. काही जण बहुधा वेगळं देऊळ मांडायला गेले: व्हिरुनममध्येच दगडावर कोरलेल्या दुसऱ्या यादीचा तुकडा आहे, आणि गर्दी झाल्यावर जुन्या मंडळातून नवं फुटलं असा अभ्यासकांचा तर्क आहे.

एका देवळाचं दोन होणं, दोनाची चार, हाच या पंथाचा प्रसार. मोठं मंदिर बांधून हजार माणसं आत घ्यायची त्यांनी कधी मनावर घेतली नाहीत. यात त्यांची ताकद होती, आणि चौथ्या शतकात राजाश्रय ख्रिस्ती धर्माकडे वळल्यावर हीच त्यांची दुबळी बाजूही ठरली असावी. 308 मध्ये डॅन्यूबकाठच्या कार्नुंटुमला जमलेल्या सम्राटांनी मिळून मिथ्रासला ‘आपल्या राज्याचा पाठीराखा’ म्हणत वेदी अर्पण केली होती. पण सम्राटाच्या वेदीने गुहा मोठी होत नाही.

छावणीत काय होतं

तुलनेसाठी हेड्रियनच्या भिंतीवरचं कॅरोबर्ग पाहू. 1949 च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणथळ जमीन आटली, वेद्यांची टोकं वर आली, आणि 1950 मध्ये उत्खनन झालं. लहानसं देऊळ, बटाव्हियन लोकांच्या पहिल्या तुकडीच्या ठाण्यालगत. मुख्य मूर्तीपुढच्या तीन वेद्यांवर तीन नावं: लुसियस अँटोनियस प्रोकुलस, औलस क्लुएन्टियस हाबिटस, मार्कस सिम्प्लिसियस सिम्प्लेक्स. तिघेही त्या ठाण्याचे प्रमुख. एका वेदीवर देवाच्या डोक्याभोवतीचे किरण आरपार कोरले आहेत, मागे दिवा ठेवला की अंधारात ते पेटल्यासारखे दिसावेत म्हणून.

इथे शिपायांची यादी नाही. आहेत ते साहेब, एकामागून एक, नेमणुकीवर आलेले. नवा प्रमुख येतो, नवस फेडतो, वेदी उभारतो, पुढच्या नेमणुकीवर जातो. त्यांच्यामागे ओट्यांवर कोण बसत होतं ते दगडावर आलेलं नाही. ‘सैनिकांचा देव’ म्हणताना आपण ज्या साध्या शिपायाला डोळ्यांपुढे आणतो, तो इथे मुका आहे. व्हिरुनमचा मुक्त गुलाम त्याच्यापेक्षा अधिक बोलतो, कारण त्याच्या मंडळाने नावं लिहायची रीत ठेवली.

स्लोव्हेनियातल्या प्तुइ गावी, म्हणजे रोमन पोएटोव्हियोला, तिसरी तऱ्हा दिसते. तिथलं सर्वांत जुनं मिथ्रास मंदिर इलिरिकमच्या जकातीवर काम करणाऱ्या गुलामांचं. नंतर, तिसऱ्या शतकात सम्राट गॅलिएनसच्या काळात, त्याच गावात पाचवी मॅसेडोनिका आणि तेरावी जेमिना या पलटणींचे लोक मिथ्रासला वेद्या वाहतात. जकातनाक्यावरचे कारकून आधी, फौज मागून. डॅन्यूबकडच्या मुलखात या देवाला रस्त्यारस्त्याने नेलं ते फक्त तलवारवाल्यांनी नव्हे, पेट्या उघडून माल तपासणाऱ्यांनीही.

पंचावन्न वर्षांनी

व्हिरुनमचाच आणखी एक शिलालेख आहे, 239 सालचा. हिलारस, सम्राटाचा दास्यमुक्त, नोरिकमच्या दफ्तराचा दफ्तरदार; आणि एपिक्टेटस, सम्राटाचा गुलाम, कचेरीचा खजिनदार. प्रांत ताब्यात येऊन दोन शतकं उलटली होती, तरी हिलारसच्या हुद्द्यात नोरिकमचा उल्लेख ‘राज्य’ असाच आहे. दफ्तरातली जुनी नावं किती चिवट असतात ते यावरून दिसतं. एक मुक्त, एक अजून गुलाम. दोघांनी मिळून जुनं होऊन कोसळलेलं मिथ्रासचं देऊळ स्वतःच्या खर्चाने, चित्रांसह, पुन्हा बांधलं. पुरोहित लिसिनियस मार्सेलस, ‘विधींचा पिता’. खाली तारीख घातली आहे: जुलैच्या कलेंड्सआधीचा आठवा दिवस, म्हणजे 24 जून.